पोते संपले, पण पैसे कुठे गेले?



शिरूर तालुक्यातील एका भिल्ल वस्तीवर महिला बचत गटाने किराणा दुकान सुरू केले. पत्र्याची खोली, दोन फळ्या, एक वजनकाटा आणि गल्ला म्हणून बिस्किटांचा रिकामा डबा, एवढाच संसार. पहिले साखरेचे पोते संपले त्या आठवड्यात मी तिथे गेलो होतो. गटाच्या मावशींनी डबा माझ्यापुढे उपडा केला. "दादा, पोतं संपलं, पन दुसरं घ्यायला पैसं पुरनात. गेलं कुठं?"

चोरी झाली नव्हती. तरीही बायका एकमेकींकडे संशयाने पाहू लागल्या होत्या. गट मोडायला तेवढे पुरेसे असते.

आम्ही जमिनीवर बसून गणित मांडले. ५० किलोचे पोते २,१०० रुपयांचे, टेम्पोचे भाडे ४० रुपये, म्हणजे खर्च २,१४०. विक्री ४५ रुपये किलोने. सगळी साखर विकली असती तर २,२५० रुपये आले असते आणि ११० रुपये उरले असते. पण सुटे वजन करताना काटा थोडा झुकता ठेवल्याने किलोभर साखर मापात गेली. दोन किलो गटातल्याच बायकांनी चहापुरती म्हणून घरी नेली होती, ती कुणी लिहिली नव्हती. विकली गेली ४७ किलो. आले २,११५ रुपये. नफा तर नाहीच, उलट २५ रुपयांची तूट. पैसे कुणी खाल्ले नव्हते, ते नोंदीअभावी गळून गेले होते. हे कळल्यावर खोलीतले वातावरण निवळले.

आपल्यापैकी काहीजण विचारतात, दुकानाला माल द्यायचा सोडून वह्या आणि प्रशिक्षण कशाला? म्हणून दुकान कसे चालते ते थोडे सविस्तर सांगतो.

पहिली वही रोजमेळाची. दिवसभरात आलेले आणि गेलेले पैसे त्यात लिहायचे आणि संध्याकाळी डब्यातली रक्कम वहीशी जुळवायची. जुळली नाही तर त्याच संध्याकाळी शोधायचे. आठवड्यानंतर कुणालाच आठवत नाही.

दुसरी वही साठ्याची. आधीची शिल्लक, त्यात आलेला माल मिळवायचा, विकलेला वजा करायचा. उरेल तेवढा माल फळीवर दिसलाच पाहिजे. म्हणून दर आठवड्याला माल हाताने मोजायचा. नवा माल मागे आणि जुना पुढे लावायचा, नाहीतर मागच्या बिस्किटांची तारीख उलटून जाते.

माल कधी आणायचा, हेही साठ्याच्या वहीवरूनच ठरते. समजा, तेलाच्या रोज चार पिशव्या खपतात आणि शिरूरच्या घाऊक दुकानातून माल यायला तीन दिवस लागतात. मग बारा पिशव्या त्या तीन दिवसांत जाणार. एका दिवसाची अडचण धरून सोळा उरल्या की मागणी द्यायची. शेवटची पिशवी विकून मग मागवले तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. भीतीपोटी शंभर आणून ठेवल्या तर सगळे भांडवल फळीवर अडकते आणि साखरेला पैसे उरत नाहीत.

तिसरी वही उधारीची. वस्तीवरची कुटुंबे वीटभट्टीवर, ऊसतोडीला, शेतमजुरीला जातात. पैसा त्यांच्या हाती रोज येत नाही, त्यामुळे उधारी बंद करा म्हणणे सोपे, करणे अवघड. गटाने ठरवले की प्रत्येक घराला मर्यादा घालायची, गटातल्या बाईच्या घरी गेलेली साखरही लिहायची आणि दर पंधरवड्याला प्रत्येकीचे पान तिला वाचून दाखवायचे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तेलाच्या पिशवीचे, साखरेचे चित्र आणि पुढे रेघा. लिहायचे काम आठवीतली एक मुलगी करते.

रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या मोठ्या कंपन्या यापेक्षा वेगळे काही करत नाहीत. फक्त ते संगणकावर होते. खोक्यावरची पट्टी यंत्राने वाचली की विक्रीची नोंद होते, साठ्यातून नग कमी होतो आणि हिशेबात रक्कम चढते. आमच्याकडे त्याच कामाला तीन वह्या लागतात.

पण वही नुसती असून भागत नाही, ती कुणाच्या हाती आहे यावर बरेच अवलंबून असते. आपल्याच भागाने हे फार मोठी किंमत देऊन अनुभवले आहे. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावी लोकांनी सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांच्या दुकानातून कुणी माल घेईना, त्यांची शेते कुणी कसेना. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे दंगा पेटला. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होते आणि आजचा दौंडचा भागही त्यातच होता. लोकांनी कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या बाहेर काढून जाळल्या. सावकार बहुधा दुकानदार आणि धान्याचा व्यापारीही असे. माल द्यायचा त्याने, पीक घ्यायचे त्याने आणि लिहायचेही त्यानेच. शेतकऱ्याच्या हाती एक कागदही नसे.

नंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. सावकाराने पैसे मिळाल्याची पावती द्यावी, वर्षाचा हिशेब लिहून द्यावा आणि शेतकऱ्याने मागितले तर त्याला पासबुक द्यावे, अशी तरतूद त्यात होती. वादाच्या वेळी कर्जाचा हिशेब मुळापासून तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला.

हे सारे मला गेल्या उन्हाळ्यात पुन्हा आठवले. गटातली एक बाई दौंड तालुक्यात नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर गेली होती. जाताना तिने दुकानातल्यासारखीच एक वही नेली. खर्ची मिळाली की एक रेघ. हंगाम संपला तेव्हा मालकाच्या वहीत २४ आठवड्यांची खर्ची निघाली, हिच्या वहीत २२ रेघा. मधले दोन आठवडे घरात मयत झाल्याने दोघे गावी होते आणि त्यांनी खर्ची उचलली नव्हती. तिने वही पुढे ठेवली. मालकाने पाने उलटून पाहिली आणि दोन आठवड्यांची रक्कम उचलीच्या हिशेबातून कमी केली. आधी कितीतरी हंगाम तिच्याकडे दाखवायला काही नव्हते, म्हणून ती मान खाली घालून हिशेब ऐकत आली होती.

दुकानाचे सांगायचे तर साखरेच्या दुसऱ्या पोत्यात अर्धा किलो मापात गेली आणि ८७ रुपये ५० पैसे उरले. एक बाई गट सोडून गेली, दोन घरांची उधारी अजून थकली आहे. पण परवा गेलो तेव्हा मावशींनी डबा उपडा केला नाही. "बसा दादा," म्हणाल्या आणि त्या मुलीला हाक मारून वही आणायला सांगितली.