मूल खचतंय असं वाटलं तर

भिवंडीत यंत्रमागाची पाळी बारा तासांची. वडील रात्रपाळी करून सकाळी घरी येऊन झोपतात, तेव्हा मुलगा शाळेला निघालेला असतो. काल्हेर-मानकोलीच्या गोदामांवर चालणाऱ्या घरांतही फार वेगळं नाही. त्यामुळे पंधरा वर्षांचं मूल आतून खचत चाललंय हे घराला उशिरा उमगतं, आणि उमगलं तरी ‘वय आहे, जाईल’ म्हणून आणखी दिवस जातात.

वयाचं काय आणि आजाराचं काय, हे पाहताना दिवस मोजावेत. भांडण होऊन दोन दिवस रुसणं वयाचं. पण दोन आठवडे उलटूनही झोप बिघडलेली, जेवण कमी, मित्रांकडे जाणं बंद, अभ्यासात लक्ष नाही, असं असेल तर डॉक्टर गाठावा. या वयातलं नैराश्य रडण्यापेक्षा चिडण्यातून पुष्कळदा दिसतं. ‘उद्धट झालाय’ म्हणून मार खाणाऱ्या कित्येक मुलांना खरं तर उपचार हवे असतात, आणि ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते. 2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयाच्या सुमारे 7 टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळला होता. साठ मुलांच्या वर्गात चार जण झाले.

बोलायचं कसं? समोर बसवून उलटतपासणी नको. स्कूटरवर मागे बसवून नेताना किंवा भाजी निवडताना मुलं जास्त बोलतात. ‘तुला काय कमी आहे?’ हे विचारू नये. त्याला काहीच उत्तर नसतं आणि अपराधी वाटतं ते वेगळंच. मात्र एक प्रश्न स्पष्ट विचारावा: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मुलाला ओझं उतरवता येतं. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नये, औषधं आणि उंदराचं विष कुलपात घालावं, त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

भिवंडीत सुरुवात इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयात केसपेपर काढून करता येते. पुढे कुठे जायचं ते तिथे विचारावं. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय 1901पासून आहे. नाव ऐकूनच लोक दचकतात, पण तिथे बाह्यरुग्ण विभागही आहे: दाखवायचं, औषध घ्यायचं, घरी यायचं.

पहिल्या भेटीत डॉक्टर आई-वडिलांकडून सगळी माहिती घेतात आणि मग मुलाशी एकट्याने बोलतात. इथे अनेकांना वाईट वाटतं. वाटू द्यावं, पण बाहेर थांबावं; आत काय बोलला हे घरी येताना खोदून विचारू नये. थायरॉइड किंवा रक्त कमी असण्यानेही थकवा आणि उदासी येते, म्हणून रक्ततपासणी सांगितली जाऊ शकते. त्रास सौम्य असेल तर समुपदेशनावर भागतं. नैराश्याच्या गोळ्या सुरू झाल्या तर त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि या गोळ्यांची चटक लागत नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत मात्र अस्वस्थता किंवा मरणाचे विचार वाढले तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. सगळ्यात जास्त घोळ होतो तो बरं वाटायला लागल्यावर: घरचे स्वतःच्या मनाने गोळ्या थांबवतात आणि त्रास उलटतो. आजीला दर्ग्यावर किंवा देवळात न्यायचं असेल तर नेऊ द्यावं, तिच्याशी भांडू नये. गोळी मात्र चुकवू नये.

‘भरती करून घेतील’ ही भीतीही मोठी असते. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 प्रमाणे अल्पवयीन मुलाला अपवादात्मक परिस्थितीतच भरती करता येतं, त्याला मोठ्यांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि घरचं माणूस पूर्ण वेळ त्याच्यासोबत राहतं.

मूल डॉक्टरकडे यायला तयार नसेल तर त्याच्या होकाराची वाट पाहत बसू नका. 10 ऑक्टोबर 2022पासून केंद्र सरकारची टेली मानस सेवा 14416 या क्रमांकावर चालते. ती मोफत आहे, चोवीस तास आहे, मराठीत आणि हिंदीतही बोलता येतं. पहिला फोन आई-वडिलांनी स्वतःसाठी केला तरी चालतो. रात्रपाळीवरून आल्यावर, झोपायच्या आधी, तो करा.