रेंज कुणाची, हे सिम ठरवतं

लेखमाला : फोनच्या आत – लेखांक ६

तलासरी तालुक्यातल्या एखाद्या घरात तीन ठिकाणची सिम असणं अगदी साधी गोष्ट आहे. आईवडिलांनी सिम तलासरीतच घेतलेलं असतं. मुलगा उंबरगाव किंवा वापीच्या जीआयडीसीत कामाला जातो, त्याचं सिम तिकडचं. डहाणू लोकलने मुंबईला नोकरीला जाणाऱ्या मुलीचं सिम अंधेरीत घेतलेलं. तिन्ही सिम एकाच कंपनीची असली आणि तिन्ही फोन पडवीत शेजारी शेजारी ठेवले, तरी पहिला महाराष्ट्राचा टॉवर आपला मानतो, दुसरा गुजरातचा, आणि तिसऱ्याला दोन्ही परकेच असतात. मागच्या लेखांकात आपण टॉवरपासून फोनपर्यंत लहरी कशा पोचतात ते पाहिलं. पोचलेल्या लहरींपैकी फोन कुणाचं ऐकतो, हे या वेळी पाहू.

मोबाईल सेवेसाठी देशाची २२ सर्कल पाडलेली आहेत. त्यांच्या सीमा राज्यांच्या सीमांशी जुळतातच असं नाही. महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवा येतो, पण मुंबई येत नाही. तिचं सर्कल स्वतंत्र आहे. गुजरात सर्कलमध्ये दमण, दीव आणि दादरा-नगर हवेली येतात. डहाणू आणि तलासरी महाराष्ट्र सर्कलमध्ये आहेत, पण झाईच्या पलीकडे उंबरगाव, अच्छाडच्या पलीकडे भिलाड, आणि उधव्याच्या बाजूला दादरा-नगर हवेली, असं दोन बाजूंनी दुसरं सर्कल लागून आहे. राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून जाणाऱ्या ट्रकला सीमेवर नाका दिसतो, लहरींना मात्र तो लागत नाही. गुजरातेतल्या उंच टॉवरची रेंज सहज इकडच्या पाड्यांवर उतरते.

प्रत्येक सिमच्या चिपमध्ये १५ आकडी ओळखक्रमांक असतो. हा आपला मोबाईल नंबर नव्हे. तो कार्डावर छापलेलाही नसतो. त्याचे पहिले तीन आकडे देशाचे, भारतासाठी बहुधा ४०४ किंवा ४०५. पुढचे आकडे कंपनी आणि सर्कल सांगतात. एअरटेलचं उदाहरण घेऊ. ४०४-९० म्हणजे महाराष्ट्र-गोवा, ४०४-९८ म्हणजे गुजरात, ४०४-९२ म्हणजे मुंबई. बीएसएनएलचा महाराष्ट्राचा संकेतांक ४०४-६६, गुजरातचा ४०४-५७. टॉवरही आपला संकेतांक सतत प्रसारित करत असतो. फोन दोन्ही संकेतांक ताडून पाहतो. जुळले की ते त्याचं घरचं नेटवर्क. नाही जुळले, तर कंपनी तीच असली तरी ते पाहुणं नेटवर्क, म्हणजे रोमिंग.

आता निवडीचा क्रम. पडद्यावर ज्याच्या दांड्या जास्त ते नेटवर्क फोन धरतो, अशी समजूत सगळीकडे आहे, आणि ती चुकीची आहे. आंतरराष्ट्रीय मानकांनी क्रम घालून दिला आहे. चालू केल्यावर फोन सहसा आधी शेवटचं वापरलेलं नेटवर्क शोधतो. ते नसेल तर घरचं. मग सिममधल्या दोन याद्या पाहतो, एक वापरणाऱ्याने भरायची आणि दुसरी कंपनीने भरलेली. पहिली बहुतेकांच्या सिममध्ये रिकामीच असते. दुसरीत कोणत्या पाहुण्या नेटवर्कला पसंती द्यायची ते कंपनीने क्रमवार लिहून दिलेलं असतं. या याद्यांत नसलेली, पण पुरेशी रेंज असलेली नेटवर्क त्यानंतर येतात, आणि त्यांच्यातली निवड चिठ्ठी टाकल्यासारखी होते. रेंजच्या जोरावर क्रम लागतो तो अगदी शेवटी, उरलेल्या कमकुवत नेटवर्कमध्ये.

या क्रमामुळेच सीमेवरच्या गावांना एक त्रास होतो. समजा, महाराष्ट्राचं सिम असलेला फोन अच्छाडजवळ ओहोळात उतरल्यावर घरच्या टॉवरपासून तुटला आणि त्याने गुजरातचा टॉवर धरला. माणूस चढ चढून वर आला, समोर महाराष्ट्राचा टॉवर डोळ्यांना दिसतोय, तरी फोन गुजरातलाच चिकटून. कारण त्याची सेवा सुरळीत चालू आहे, तुटलेली नाही. पाहुण्या नेटवर्कवर असताना घरचं नेटवर्क किती वेळाने पुन्हा शोधायचं, तो कालावधीही सिममध्ये लिहिलेला असतो, ६ मिनिटांच्या पटीत, जास्तीत जास्त ८ तासांपर्यंत. काहीच लिहिलं नसेल तर ६० मिनिटं धरली जातात. शिवाय हा शोध फोन मोकळा असतानाच होतो, कॉल चालू असताना नाही. बंद करून चालू केला तरी फोन पुष्कळदा आधी शेवटचं नेटवर्क धरू पाहतो, म्हणजे पुन्हा गुजरातच. अशा वेळी सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क एकदा हाताने निवडावं आणि लगेच निवड पुन्हा आपोआपवर ठेवावी. हाताने निवडलेलं तसंच ठेवलं, तर पुढच्या गावात ते नेटवर्क नसताना फोन दुसरं शोधणार नाही.

रोजच्या वापरात आज या चिकटण्याने फार तर इंटरनेट मंदावतं. एके काळी त्याचे पैसे पडत. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००७ मध्ये ठरवलेली कमाल मर्यादा अशी होती : रोमिंगवर आलेल्या कॉलसाठी मिनिटाला १ रुपया ७५ पैसे, केलेल्या स्थानिक कॉलसाठी १ रुपया ४० पैसे. २०१३ मध्ये येणाऱ्या कॉलची मर्यादा ७५ पैशांवर आली, मे २०१५ मध्ये ४५ पैशांवर. आपल्याच घरात बसून, आपल्याच गावातल्या माणसाचा फोन घ्यायचा, आणि टॉवर गुजरातचा म्हणून घेणाऱ्याचा बॅलन्स कापला जायचा. दिवसाच्या मजुरीवर घर चालवणाऱ्या वारली कुटुंबासाठी ही रक्कम लहान नव्हती. जून २०१५ मध्ये बीएसएनएलने रोमिंगवर येणारे कॉल मोफत केले, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ रोमिंग शुल्काशिवायच बाजारात उतरलं, आणि पुढच्या वर्षी एअरटेलनेही देशांतर्गत रोमिंग शुल्क काढून टाकलं. सीमेवरच्या माणसाला मोबाईल क्रांती खऱ्या अर्थाने मिळाली ती तेव्हा, असं मला वाटतं.

सिमच्या प्रकाराचा प्रश्न आला की लोक आकाराबद्दल विचारतात. २५ बाय १५ मिलिमीटरचं जुनं कार्ड, १५ बाय १२ चं मायक्रो, १२.३ बाय ८.८ चं नॅनो, यांच्यामुळे रेंजमध्ये कणभरही फरक पडत नाही. फोनमध्येच बसवलेल्या ई-सिमनेही नाही. फरक पडतो तो चिपच्या पिढीमुळे. टूजीच्या काळातलं मूळ सिम आणि थ्रीजीबरोबर आलेलं यूसिम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या सिममध्ये फक्त नेटवर्क ग्राहकाची खातरजमा करतं. यूसिममध्ये ग्राहकाचं कार्डही नेटवर्कची खातरजमा करतं. फोरजीचं मानक ठरवताना सुरक्षेसाठी जुन्या सिमला प्रवेशच नाकारला गेला. म्हणून नव्याकोऱ्या फोनमध्ये पंधरा वर्षांपूर्वीचं सिम घातलं, तर माथ्यावर फोरजीचा टॉवर असूनही फोन टूजीवर जातो. मधली थ्रीजीची पायरी एअरटेलने २०२० पर्यंत बंद केली. जिओकडे टूजी-थ्रीजी कधी नव्हतंच.

डहाणू-तलासरीच्या आतल्या गावांत आजही बीएसएनएलची जुनी कार्डं वापरात असणार, कारण इथे अनेकांचा पहिला नंबर त्याच कंपनीचा होता. बीएसएनएलच्या स्वदेशी फोरजीचं देशव्यापी उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ ला झालं. जुनं कार्ड कंपनी विनामूल्य बदलून देते आणि नंबर तोच राहतो. ज्यांच्याकडे जुनं कार्ड आहे त्यांनी ते आधी बदलावं. महागडा फोन घेण्याआधी हे करावं.

आता एक प्रसंग कल्पनेने पाहा. बोर्डीच्या किंवा घोलवडच्या चिकूवाडीवाल्यांकडे लंडनहून नातेवाईक आले आहेत. त्यांच्या फोनमध्ये ब्रिटिश सिम आहे. त्या कंपनीने भारतातल्या दोन-तीन कंपन्यांशी रोमिंगचा करार केला असेल, तर त्यांचा फोन त्यांपैकी ज्याचा टॉवर मिळेल त्यावर चालेल. आत डोंगराकडे गेल्यावर एका कंपनीची रेंज तुटली तर तो दुसरीवर जाईल. यजमानाचं सिम त्याच तुटलेल्या कंपनीचं असेल, तर त्याचा फोन मात्र तिथे मुका होईल. त्याच्या पडद्यावर ‘फक्त आपत्कालीन कॉल’ असं येईल. याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. टॉवर आहे, त्याचा आवाज फोनला ऐकू येतोय, ११२ लावला तर तो टॉवर घेऊ शकतो, पण एरवी या सिमला तिथे थारा नाही. दुसऱ्या कंपनीच्या टॉवरने एकदा कायमचा नकार दिला की फोन तिचा संकेतांक सिममधल्या निषिद्ध यादीत टिपतो आणि बंद करून चालू केल्यावरही आपणहून तिच्याकडे वळत नाही. सहा हजार किलोमीटरहून लांबच्या सिमला जी मोकळीक आहे, ती गावच्या सिमला नाही. हे करारांनी ठरलेलं आहे, भौतिकशास्त्राने नाही.

आणि करार बदलता येतात. १७ जानेवारी २०२५ ला केंद्रीय दळणवळण मंत्री ज्योतिरादित्य शिंदे यांनी सर्कलअंतर्गत रोमिंगची सुविधा सुरू केली. डिजिटल भारत निधीच्या, म्हणजे सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या सुमारे २७ हजार फोरजी टॉवरवर बीएसएनएल, एअरटेल आणि जिओ या तिन्हींच्या ग्राहकांना सेवा मिळावी, ही त्यामागची कल्पना. तांत्रिकदृष्ट्या यात अवघड काही नाही. फोरजीचा एक टॉवर सहापर्यंत संकेतांक प्रसारित करू शकतो. प्रत्येक फोनला त्यात आपलं घर सापडतं.

माझं स्पष्ट मत आहे की ही सोय निधीच्या टॉवरपुरती ठेवू नये. डहाणू तालुक्यातल्या धुंदलवाडी परिसरात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के सुरू झाले. २०१९ च्या थंडीत लोकांनी घराबाहेर तंबूंत रात्री काढल्या. अशा वेळी एका कंपनीचा टॉवर वीज गेल्यामुळे बंद पडला आणि शेजारचा दुसऱ्या कंपनीचा चालू असला, तर तो सगळ्यांचा झाला पाहिजे. सूचनांचाही प्रश्न आहे. सेल ब्रॉडकास्टने येणारा इशारा टॉवरवरून त्याच्याखालच्या सगळ्या फोनना जातो. गुजरातच्या टॉवरला चिकटलेल्या तलासरीच्या फोनवर पालघर जिल्ह्यासाठीचा इशारा येईलच असं नाही. ११२ ला लावलेला कॉल कोणत्या राज्याच्या नियंत्रण कक्षात जायचा, हेही टॉवरच्या ठिकाणावरून ठरतं. म्हणून सीमेवरच्या माणसाने ११२ वर बोलताना पहिल्या वाक्यातच गाव, तालुका आणि जिल्हा सांगावा.

एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. निधीचे हे टॉवर फोरजीचे आहेत. जुन्या पिढीचं सिम असेल तर तिन्ही कंपन्यांची दारं उघडूनही उपयोग नाही. आश्रमशाळेत मुलांना भेटायला येणारे पालक, बचतगटाच्या बायका, रेशन दुकानापुढची रांग, अशा ठिकाणी कंपन्यांनी कार्ड बदलून देण्याची शिबिरं भरवली, तर एका दिवसात गावच्या गाव टूजीतून बाहेर येईल. ग्रामपंचायतीने पत्र देऊन अशी मागणी करायला हरकत नाही.

पुढच्या लेखांकात ई-सिम, आणि बसगाड्यांच्या ट्रॅकरमधल्या दोन-दोन कंपन्यांच्या सिमबद्दल.