लांब धावताना पाणी किती, मीठ किती?

पहाटे पाचच्या सुमारास गावाबाहेरच्या रस्त्याने चक्कर मारली, तर धावणाऱ्या मुलामुलींची रांगच दिसते. कोणी पोलीस किंवा सैन्य भरतीची तयारी करतो, कोणी मॅरेथॉनची. मुंबई मॅरेथॉन २००४ साली आणि सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ साली सुरू झाली. तेव्हापासून चाळिशी उलटलेले शिक्षक, दुकानदारही या छंदात ओढले गेले आहेत. छंद चांगलाच आहे. पण यातले पुष्कळजण नुसत्या चहावर आणि काही तर चक्क निर्जळी धावतात. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या वेळी ५ किलोमीटरच्या धावण्यात काही तरुण दगावले होते, याची आठवण असू द्यावी.

धावताना शरीर साधारणपणे दर किलोमीटरला वजनाच्या किलोइतके उष्मांक खर्च करते. म्हणजे ६० किलोच्या माणसाला २१ किलोमीटरसाठी सुमारे १२६० उष्मांक लागतात. यातला मोठा वाटा स्नायू व यकृतात साठवलेल्या ग्लायकोजेन नावाच्या साखरेतून येतो. रात्रभराच्या उपाशीपणाने यकृतातला साठा बराच उतरतो. मग बाराव्या-पंधराव्या किलोमीटरनंतर पाय शिशासारखे जड होतात, चक्कर येते. म्हणून आदल्या रात्री भात किंवा भाकरी पोटभर खावी. तेलकट रस्सा नको. सकाळी निघण्याआधी अर्धा तास एक केळे किंवा गूळ-भाकरीचा तुकडा पुरतो. संकष्टी, नवरात्र वा रोजाच्या दिवशी लांबचे धावणे सरळ पुढे ढकलावे.

तासाभराच्या आत धावणे संपत असेल तर वाटेत नुसते पाणी पुरे. त्याहून जास्त असेल तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय पदार्थ किंवा साखर पोटात जायला हवी. एक मध्यम केळे आणि तीन चमचे साखरेचे लिंबू सरबत यांत हे सहज भागते. महागड्या पावडरींचे डबे घेण्याची गरज नाही, हे दुकानदार मंडळींनी रागावू नये म्हणून हळूच सांगतो!

पाणी किती प्यावे, याचे उत्तर वजनकाट्यावर मिळते. धावण्यापूर्वी वजन करा. तासभर धावून, घाम पुसून पुन्हा करा. ६० किलोचे ५९.२ झाले आणि वाटेत २०० मिलिलिटर पाणी प्यायले असाल, तर तासाला सुमारे एक लिटर घाम गेला. तो सगळा धावतानाच भरून काढायची गरज नसते. वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंतची घट बहुतेकांना सोसते. एप्रिल-मे महिन्यांत मात्र हेच माप पुन्हा घ्यावे, कारण घाम वाढतो.

वजन वाढले असेल, तर पाणी जास्त झाले! २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के जणांच्या रक्तातील सोडियम कमी आढळले होते आणि त्यांत भरमसाट पाणी पिणे हे मोठे कारण होते. म्हणून तहान ओळखून घोट-घोट प्यावे. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ ही घरगुती जलसंजीवनी लांब पल्ल्याला उत्तम. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर, पण सोडियम बेताचेच. त्यात चिमूटभर मीठ टाकावे. रक्तदाब, मूत्रपिंडाचे विकार वा मधुमेह असणाऱ्यांनी मीठ-साखरेबाबत आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

धावून आल्यावर तासाभरात पोहे-उसळ, दूध-केळे किंवा ताक-भात घ्यावा. मुलींनी वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्यावे; कष्ट करूनही वेग वाढत नसेल, तर दोष अनेकदा रक्तक्षयाचा असतो.

सोबतचा धावक असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, तर त्याच्या तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नका. अंग तापले असेल तर सावलीत नेऊन अंगावर भरपूर गार पाणी ओता, वारा घाला आणि त्याच वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा. बोटे-चेहरा सुजलेला, मळमळ आणि डोकेदुखी अशी लक्षणे असतील, तर सोडियम उतरले असण्याची शक्यता असते. तो किती पाणी प्यायला हे रुग्णालयात आवर्जून सांगा.