जुन्या सायकलींच्या अवयवांवरील मुद्रा व अलंकरण

ताम्रपट, नाणीं, शिक्के व बाडें यांच्या संग्राहकांपुढें सायकलीच्या अवयवांचा विषय मांडावयाचा तर प्रथम थोडें समर्थन करणें अवश्य आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं बेळगांवास सायकलींचें दुकान काढलें तें १८८८ सालीं. म्हणजे या वाहनाचा मराठी मुलुखांतील इतिहास आतां सवाशें वर्षांहून अधिक जुना झाला आहे. एवढ्या अवधींत ज्या वस्तूवर कारखानदारानें आपली मुद्रा उठविली, विक्रेत्यानें आपली पट्टी जडविली व नगरपालिकेनें आपला बिल्ला लाविला, ती वस्तु लेखयुक्त साधन ठरते; आणि लेखयुक्त साधनाची परीक्षा हें संशोधकाचें कामच आहे. प्रस्तुत लेखांत उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हा टापू दृष्टीसमोर ठेवून ही परीक्षा कशी करावी तें सांगण्याचें योजिलें आहे.

हा टापू निवडण्यास कारण आहे. बदलापूर या नांवाची, येथें घोडे बदलीत म्हणून बदलापूर, अशी लोकव्युत्पत्ति सांगतात. ती खरी असो वा नसो, वाटेवरचें गांव ही त्याची ओळख जुनी आहे. अंबरनाथास विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत धरमसी मोरारजी यांचा रसायनांचा व विम्को कंपनीचा आगपेट्यांचा असे मोठे कारखाने निघाले, व स्वातंत्र्यानंतर सरकारी आयुधनिर्माणी आली. उल्हासनगर ही दुसऱ्या महायुद्धांतील कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर तेथें सिंधी निर्वासितांची वसाहत झाली, व ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें तिला आजचें नांव मिळालें. कारखान्याची पाळी, रेल्वेचें स्टेशन व पसरट वसाहत हीं तिन्ही जेथें एकत्र येतात तेथें सायकल ही चैनीची वस्तु न राहतां पोटापाण्याचें साधन होते. अशीं साधनें वापरून झिजतात, दुरुस्त होतात व शेवटीं भंगारांत वजनावर जातात. सबब त्यांची नोंद घेण्यास मुदत थोडी आहे.

आतां अवयवांकडे वळूं. पायट्यांच्या मध्यें जें दातेरी चाक असतें तें प्रथम पाहावें. त्याचें काम पायाचा जोर सांखळीस देणें एवढेंच. परंतु सबंध पत्र्याचें चाक जड होतें म्हणून मधला भाग कोरून काढावा लागतो. कोरल्यावर जे दुवे उरतात त्यांतूनच सर्व जोर वाहतो. हे दुवे कोणत्या आकाराचे ठेवावे एवढी मोकळीक कारागिरास होती व तिचा उपयोग कारखानदारांनीं मुद्रेसाठीं केला. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीच्या चाकांत बगळ्याचीं मस्तकें आहेत. रज-व्हिटवर्थच्या चाकांत हाताचा पंजा आहे. हंबरच्या चाकांत पांच मनुष्याकृति वर्तुळांत उभ्या आहेत. चाक फिरूं लागलें म्हणजे त्या पांच आकृति एकामागून एक धांवत असल्याचा भास होतो. शोभा, मुद्रा व भारवाहन हीं तिन्ही कामें एकाच लोखंडी आकारानें साधावीं, हेंच या अवयवाच्या सौंदर्याचें मर्म आहे. अंबरनाथच्या शिवालयाच्या शिखरावर लहान लहान शिखराकृतींच्या ओळी वर चढत गेल्या आहेत; तेथेंही एकच आकृति पुनःपुन्हा आणून डोळा मध्याकडे नेण्याची युक्ति आहे. दोहोंचा कांहीं संबंध आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पुनरावृत्तीनें डोळा कां रमतो एवढें ध्यानांत यावें म्हणून हा दृष्टांत दिला.

दुसरा अवयव म्हणजे पुढील नळीवरचा बिल्ला. हा बहुधा पितळेचा, ठशानें उठविलेला, क्वचित् मिन्याचे रंग भरलेला व बारीक रिवेटांनीं जडविलेला असतो. बी. एस. ए. ही मूळची बर्मिंगहॅमची बंदुका करणारी मंडळी. त्यांच्या भागांवर एकमेकींस टेकून उभ्या केलेल्या तीन बंदुकांची निशाणी आढळते. पुढील काट्याची घडणही ओळख सांगते. हंबरच्या कांहीं सायकलींस दोहोंऐवजीं चार नळ्यांचा जोडकांटा असे, व तो दुरूनही ओळखूं येतो. नळ्या जेथें एकत्र येतात तेथील खोबणीच्या कडा कारागीर कानशीनें घांसून नाजूक करीत. कडेची जाडी कमी होत गेली म्हणजे सांध्यावरील ताण एके ठिकाणीं न सांचतां पसरतो. जी रेषा डोळ्यास गोड लागते तीच येथें मजबुतीसही उपकारक ठरते.

तिसरी गोष्ट मुलाम्याची व रंगाची. जुना मुलामा निकेलचा. त्याची झांक किंचित् पिवळसर व ऊबदार असते. १९३० च्या आगेंमागें क्रोमियमचा मुलामा प्रचारांत आला. तो निळसर, थंड व आरशासारखा असतो. महायुद्धाच्या काळांत मुलाम्याच्या धातूंची टंचाई पडल्यामुळें विलायती सायकलींचे एरवीं चकाकणारे भाग काळ्या रंगानेंच रंगविले जात. म्हणून निकेल, क्रोम किंवा काळा रंग यांपैकीं मूळचें काय आहे हें ठरलें कीं काळाचा अदमास बांधण्यास आधार मिळतो. नळ्यांवरचा काळा रंग भट्टींत भाजून पक्का केलेला असे व त्यावर सोनेरी किंवा तांबड्या बारीक रेघा लांब केसांच्या कुंचल्यानें हातांनीं ओढीत. वुल्व्हरहॅम्प्टन येथील सनबीम सायकलींचा कर्ता जॉन मार्स्टन हा मूळचा रोगणी भांड्यांचा धंदा करणारा. त्यामुळें त्याच्या सायकलींचा काळा रंग व त्यावरील सोनेरी रेघ यांची वाहवा होई. काळ्या नळीवरची ती एक रेघ नळीस सडसडीत भासविते. ती पुसली तर लोखंड तेवढेंच राहतें, पण डौल जातो.

इतर अवयवांविषयीं थोडक्यांत सांगतों. ब्रुक्सचें चामडी खोगीर हें ताणून बसविलेलें एकच कातडें. स्वाराच्या अंगाप्रमाणें तें वर्षानुवर्षें आकार घेतें. घासलेटच्या जुन्या दिव्यांस एका अंगास तांबडी व दुसऱ्या अंगास हिरवी कांच बसविलेली असे. ल्यूकस मंडळीच्या दिव्यांवर कारखान्याचें नांव ठशानें उठविलेलें आढळतें. रॉड-ब्रेकच्या सायकलींची धाव दोन्ही कडांनीं आंत वळलेली असते, व तिच्या मध्यभागीं पुष्कळदां रंगीत पट्टा असतो. विलायती प्रघाताप्रमाणें पुढील चाकास ३२ व मागील चाकास ४० आरे असत. त्या तारा आसाच्या तुंब्यास स्पर्शरेषेनें बांधलेल्या असल्यामुळें जी जाळी दिसते तिची रचना जेम्स स्टार्ली याची, १८७४ सालची.

आतां कालनिर्णयाचा मुख्य प्रश्न. स्टर्मी-आर्चर या तीन गतींच्या तुंब्यांवर जातीचीं अक्षरें व वर्षाचे अखेरचे आंकडे ठोकलेले असतात, उदाहरणार्थ, ए. डब्ल्यू. या जातीच्या तुंब्यावर ५२ हा आंकडा असेल तर तो १९५२ सालचा समजावा. ही जात १९३६ सालीं निघाली, म्हणून त्यापूर्वींचा काळ तिला देतां येत नाहीं. ठोकलेला आंकडा झिजला अथवा घांसला गेला म्हणजे काय अनर्थ होतो, हें अंबरनाथच्याच उदाहरणानें समजेल. तेथील शिवालयांतील शिलाहार मांवाणिराजाच्या शिलालेखाचा शक पूर्वीं ७८२ असा वाचला गेला होता. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा निश्चित केला. एका आंकड्यानें देवालय दोनशें वर्षें मागें गेलें होतें. शिला जागेवर शाबूत होती म्हणून दुरुस्ती करतां आली. तुंब्यावरचा आंकडा यंत्रानें घांसून गुळगुळीत केल्यावर अशी दुरुस्ती कोणीही करूं शकणार नाहीं.

याखेरीज दोन सावधगिऱ्या पाळाव्या लागतात. पहिली ही कीं सायकल हें संमिश्र साधन आहे. तुंब्यावरील साल हें तुंब्याचें साल. त्यावरून सबंध सायकलीचें साल ठरत नाहीं. एका बाडांत अनेक हातांचीं पानें बांधलीं गेलीं असतां आपण प्रत्येक पानाचा काळ स्वतंत्र ठरवितों, तसाच हा प्रकार आहे. दुसरी सावधगिरी मुद्रेविषयींची. विलायती मुद्रा दिसली म्हणजे वस्तु विलायतेंतच घडली असें मानूं नये. मुंबईस वरळी येथें हिंद सायकल्सचा कारखाना निघाला होता. मद्रासजवळ अंबत्तूर येथें १९४९ सालीं स्थापन झालेल्या मंडळीनें पुढें हर्क्युलिस, फिलिप्स व बी. एस. ए. हीं नांवें चालविलीं. आसनसोलजवळ सेन-रॅले यांचा कारखाना १९५२ च्या सुमारास उभा राहिला व तेथें रॅले, हंबर वगैरे नांवांच्या सायकली तयार झाल्या. म्हणून बगळ्याचें मस्तक हें नॉटिंगहॅमचें प्रमाणपत्र नव्हे. घडणीचा देश लिहिलेला आहे कीं काय, क्रमांक कोठें ठोकला आहे, सांध्यांचें काम कसें आहे, हें सर्व ताडून मगच निर्णय द्यावा. उल्हासनगरच्या बाबतींत तर आणखी एक मोह संभवतो: जुनी काळी सायकल दिसली कीं ती लष्करी छावणींतील, असा प्रवाद तिला सहज चिकटतो. लष्करी क्रमांक अथवा खूण प्रत्यक्ष दिसल्यावांचून असा प्रवाद नोंदींत प्रवाद म्हणूनच लिहावा.

स्थानिक इतिहासास याहूनही उपयुक्त अशीं साधनें सायकलीच्या अंगावर व आसपास असतात. विक्रेत्याची पत्र्याची पट्टी मागील मडगार्डावर अथवा खोगिराखालच्या नळीवर असते. तीवर दुकानाचें नांव व गांव मिळतें. नगरपालिका सायकलींवर कर घेत व त्याची खूण म्हणून सालवार बिल्ले देत; अशा बिल्ल्यांवरून कोणत्या गांवची सायकल कोणत्या सालीं वापरांत होती याचा पुरावा हातीं येतो. शिवाय तासावर सायकली भाड्यानें देणाऱ्या दुकानांच्या वह्या, विक्रीच्या पावत्या व सुट्या भागांचीं सचित्र दरपत्रकें हीं कागदी साधनें आहेत. मोडी दफ्तरें रद्दींत गेल्याबद्दल आपण आज हळहळतों. या वह्याही त्याच वाटेनें जात आहेत.

नाशाचे मार्ग दोन आहेत. एक भट्टी: दातेरी चाकावर हंबरच्या पांच आकृति असोत कीं नसोत, भंगाराच्या कांट्यावर दोहोंचें मोल सारखेंच. दुसरा मार्ग अधिक कपटी आहे, कारण तो प्रेमाचा आहे. हौशी संग्राहक जुना भाग मिळतांच गंज घालविण्यासाठीं तो घांसून घेतो, नवा क्रोम चढवितो, नळ्या नव्यानें रंगवून बाजारांत मिळणारीं नवीं चित्रें चिकटवितो. वस्तु चकाकते, पण मूळ निकेल, हातची रेघ व ठोकलेला आंकडा हीं तिन्ही प्रमाणें नाहींशीं होतात. जीर्ण पोथीचीं पानें कोणी चुन्यानें पांढरीं करून वर सुबक अक्षरें लिहिलीं तर तिला आपण जुनी पोथी म्हणणार नाहीं. तोच न्याय येथें लावावा, असें आमचें मत आहे. वापरावयाची सायकल रंगविण्यास आमची हरकत नाहीं. मात्र रंगविण्यापूर्वीं तिची नोंद करून ठेवावी.

नोंद करण्याची रीत सोपी आहे. अवयव सुटा करण्यापूर्वीं सबंध सायकलीचें दोन्ही अंगांनीं छायाचित्र घ्यावें. दातेरी चाक, बिल्ला व तुंबा यांवर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलीनें ठसा घ्यावा. शिलालेखाचा ठसा घेणाऱ्यास ही कला नवी नाहीं. क्रमांक जसाच्या तसा उतरावा, व न लागलेला आंकडा अंदाजानें न भरतां तेथें टिंब द्यावें. मळ कोरड्या फडक्यानें अथवा थोड्या तेलानें काढावा. वाळूचा कागद लावूं नये. वस्तु कोठून आली, तत्पूर्वीं कोणाकडे होती व ही हकीकत कोणी सांगितली, हें त्याच दिवशीं लिहावें. शेवटीं, एका सायकलीचे भाग काढून दुसरीस बसविले असतील तर तसें स्पष्ट नमूद करावें.

पुण्यास विक्रम पेंडसे यांनीं सायकलींचें स्वतंत्र संग्रहालय उभारलें आहे, त्यावरून या वस्तूंस संग्रहालयांत स्थान मिळूं शकतें हें सिद्ध झालें आहे. कल्याणपासून बदलापुरापर्यंतच्या टापूंत तूर्त इमारतीची गरज नाहीं, यादीची आहे. आमच्या वाचकांपैकीं जे या बाजूस राहतात अथवा ज्यांचे आप्त तेथें आहेत, त्यांनीं घरच्या माळ्यावरील व शेजारच्या दुरुस्तीच्या दुकानांतील एकेका सायकलीची वरील रीतीनें नोंद केली, व भाड्याची एखादी वही किंवा एखादा बिल्ला रद्दीपासून वांचविला, तर कारखानदारीच्या काळांतील श्रमजीवी लोकांच्या इतिहासाचें एक साधन सुरक्षित होईल. इतकें सुचवून हा लेख पुरा करितों.