कोतवालकाकांची शाळा

वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर आमची नावे लागली, तेव्हा बहिणीचे नाव गळाले. वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना 6-कमध्ये, ते होते. फेरफार घेताना सुटले. तलाठी नोकरीत नवा, पोरगेला आणि प्रामाणिक. “हे काम तुम्हाला शिकवलं कोणी?” मी विचारले. तो संकोचून म्हणाला, “कोतवालकाकांनीच.”

त्या उत्तराने मला या विषयाच्या वाचनाला लावले.

मी स्वतः भोसरीच्या एका कारखान्यात लेथवर शिकलो. आधी भंगारातल्या लोखंडावर हात बसवायचा. माप चुकले की फोरमन जॉब पुन्हा पुढ्यात टाकायचा. या रीतीला वंशावळ आहे, हे पुढे कळले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ ही योजना निघाली. शिकणाऱ्याची तयारी करा, काम करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, नंतर तपासत राहा, अशा तिच्या चार पायऱ्या. युद्धानंतर ती जपानी कारखान्यांत रुजली. शिकणाऱ्याला आले नाही तर दोष शिकवणाऱ्याचा, हे तिचे गृहीतक.

सरकारकडे प्रशिक्षण नाही असे नव्हे. पुण्यात यशदा आहे, तलाठ्याला विभागीय परीक्षा आहे, 2020 मध्ये मंजूर झालेल्या केंद्राच्या मिशन कर्मयोगीचे ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत. गावनमुन्यांवर अँडरसनचे इंग्रजी अमदानीतले मॅन्युअल तर आजही चाळले जाते. पहिल्या दोन पायऱ्या अशा भक्कम. तिसरी मात्र थेट खातेदाराच्या जमिनीवर चढली जाते, आणि चौथी मला तरी कुठे दिसली नाही.

कारण केवळ आळस नाही. बिघडलेल्या जॉबचा खर्च मालकाच्या वहीत त्याच महिन्यात दिसतो, म्हणून त्याला शिकवणे परवडते. (कंत्राटी कामगाराला मात्र तिथेही कोणी शिकवत नाही, मी पाहिले आहे.) फेरफारातल्या चुकीचा खर्च कार्यालयाच्या वहीत येतच नाही. नोटीस, हरकतीसाठी 15 दिवस, मंडळ अधिकाऱ्याचे प्रमाणीकरण, एवढ्या चाळण्यांतून आमची चूक सुटली. नोटिशीवर सही माझीच होती, न वाचता केलेली.

आता जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली दुरुस्तीचा अर्ज तहसीलदारांकडे आहे. बहीण दर तारखेला सोलापूरहून एसटीने येते. मागच्या खेपेला तलाठी कार्यालयात डोकावलो. तो मुलगा दुसऱ्या सजेत बदलून गेला होता. त्याच्या जागी आलेल्या मुलीला कोतवालकाका गाव नमुना 6 समजावून सांगत होते.