कॅम्पर ट्रेलरमध्ये स्वतःची वीज: आधी हिशोब, मग वायर, शेवटी बॅटरी

(नेहमीप्रमाणे हा भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे आणि आकडे नीट मांडले आहेत. गाडी चालवताना ऐकलं असेल तर हिशोबाचा भाग इथे निवांत वाचा.)

आजचा भाग कोडचा नाही, वायरींचा आहे. मेलबर्नला आल्यावर दुसऱ्या वर्षी मी एक जुना कॅम्पर ट्रेलर घेतला. गाडीमागे जोडायचा, मुक्कामाला पोचलं की तंबू उलगडायचा, आत गादी, मागे छोटं स्वयंपाकघर. ऑस्ट्रेलियात हे अगदी घरोघरी दिसतं. ट्रेलरमध्ये १०० अँपिअर-अवरची एक एजीएम बॅटरी आधीपासून होती. मी त्यावर ६०० वॉटचा इन्व्हर्टर बसवला आणि मागच्या स्वयंपाकघरापर्यंत स्वतः वायर ओढली. बीटेक आहोत, १२ व्होल्टचं काय एवढं, असा एकंदर आविर्भाव.

मग एप्रिलमध्ये आईबाबा पुण्याहून आले. बाबांना स्लीप अ‍ॅप्निया आहे, त्यामुळे ते रात्री सीपॅप मशीन लावून झोपतात. मशीन नसेल तर झोपेत श्वास मधूनमधून थांबतो. आम्ही ग्रॅम्पियन्सला गेलो. मेलबर्नपासून तीन-साडेतीन तासांवरचे डोंगर, आणि आमच्या कॅम्पवर विजेची सोय नव्हती. म्हटलं, आपली बॅटरी आहेच की.

रात्री तीनच्या सुमारास इन्व्हर्टर ओरडायला लागला आणि बंद पडला. मशीन थांबलं. आईने बाबांना उठवलं, उशा लावून बसतं केलं, आणि उजाडेपर्यंत दोघं तशीच बसून राहिली. मी टॉर्च घेऊन बॅटरीशी झटापट करत होतो. आई एवढंच म्हणाली, "अरे, घरी एकदा रात्रभर चालवून बघितलं होतंस का?" नव्हतं बघितलं. प्रॉडक्शनला टेस्ट न करता कोड टाकला होता, असं समजा.

बॅटरी संपलीच नव्हती

सकाळी मल्टिमीटर लावला. फ्रीज चालू केला, सीपॅप चालू केलं आणि मोजलं. बॅटरीच्या टोकांवर १२.० व्होल्ट. इन्व्हर्टरच्या टोकांवर १०.९. म्हणजे बॅटरीत निम्म्याहून जास्त जीव होता, पण १.१ व्होल्ट वाटेतच गायब होत होते. माझा इन्व्हर्टर १०.५ व्होल्टला स्वतःला बंद करतो. फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर जास्त करंट ओढतो. त्या क्षणी व्होल्टेज आणखी घसरलं आणि इन्व्हर्टरला वाटलं की बॅटरी संपली.

आता गंमत ऐका. मी दुकानातून '४ मिमी' वायर आणली होती. आपल्याकडे इलेक्ट्रिशियन "चारची वायर" म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ ४ चौरस मिलिमीटर, म्हणजे आतल्या तांब्याचं क्षेत्रफळ. इथे गाड्यांच्या वायरीवर लिहिलेले ४ मिमी म्हणजे प्लॅस्टिकच्या आवरणासकट बाहेरचा व्यास! आत तांबं असतं जेमतेम १.८ चौरस मिमी. निम्म्याहून कमी. भारतातून आलेल्या कुणीही यात फसावं अशीच ही भानगड आहे, म्हणून मुद्दाम सांगतोय. वायर घेताना रिळावर चौरस मिमीचा आकडा शोधा. तो नसेल तर बी अँड एस हा गेज बघा: ८ बी अँड एस म्हणजे साधारण ८ चौरस मिमी, ६ बी अँड एस म्हणजे साधारण १३. इथे गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड.

हिशोब सोपा आहे. १ चौरस मिमी जाडीच्या, १ मीटर तांब्याच्या तारेचा रोध साधारण ०.०१७५ ओहम. लांबीने गुणा, जाडीने भागा. लांबी जाऊन-येऊन धरायची, कारण करंट परतही येतो. माझी वायर ५ मीटर, म्हणून १० मीटर. १.८ चौरस मिमीला जवळजवळ ०.१ ओहम. त्यातून ११ अँपिअर जाताना १.१ व्होल्टची घट. तीच वायर ८ चौरस मिमीची असती तर घट फक्त पाव व्होल्ट. घरच्या २३० व्होल्टमध्ये एक व्होल्ट गेला तर कुणाला पत्ता लागत नाही. १२ व्होल्टमध्ये तो आठ टक्क्यांहून जास्त असतो.

खरी भीती नंतर कळली

घरी येऊन जुनी वायर उपसली तेव्हा पोटात गोळा आला. ती चेसिसच्या पत्र्याच्या धारेवर घासून एका जागी सोलली होती. तांबं दिसत होतं. आणि मी फ्यूज कुठे लावला होता? मागे, स्वयंपाकघरातल्या फ्यूज बॉक्समध्ये. म्हणजे बॅटरीपासून तिथपर्यंतच्या पाच मीटर वायरीला कसलंही संरक्षण नव्हतं. ते तांबं चेसिसला टेकलं असतं तर शेकडो अँपिअर वाहिले असते, वायर लाल झाली असती. आणि ती वायर आईबाबांच्या गादीखालून गेली होती.

म्हणून आजच्या भागातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा: फ्यूज उपकरणासाठी नसतो, वायरीसाठी असतो. त्यामुळे तो वायर जिथून सुरू होते तिथे हवा, बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतरात. आणि त्याचा आकडा वायर किती करंट सुरक्षित वाहू शकते त्यावरून ठरतो. "फ्यूज सारखा उडतो म्हणून मोठा टाकला" हे वाक्य कुणी बोललं की त्याच्या ट्रेलरपासून लांब तंबू ठोका.

दुसऱ्यांदा: कागदावर सुरुवात

या वेळी आधी वही घेतली. दिवसभरात काय काय चालतं, किती वॉट, किती तास:

- सीपॅप, ह्युमिडिफायर बंद ठेवून: सरासरी २० वॉट, ८ तास = १६० वॉट-तास
- ४० लिटरचा १२ व्होल्टचा फ्रीज: चालताना ४५ वॉट, पण साधारण एक तृतीयांश वेळ चालतो = ३६० वॉट-तास
- एलईडी दिवे: १० वॉट, ४ तास = ४० वॉट-तास
- तीन फोन: ५० वॉट-तास
- पाण्याचा छोटा पंप, काही मिनिटं: १० वॉट-तास

एकूण ६२० वॉट-तास.

पहिल्या ओळीकडे नीट बघा. सीपॅपमध्ये हवा दमट करणारा गरम ह्युमिडिफायर असतो. तो चालू असताना आमचं मशीन ६० वॉटच्या आसपास घेत होतं. इन्व्हर्टर स्वतः वर १५ वॉट खात होता. म्हणजे ७५ वॉट गुणिले आठ, ६०० वॉट-तास एका रात्रीत! एजीएम बॅटरी निम्म्याच्या खाली नेली तर तिचं आयुष्य कमी होतं, म्हणून १०० अँपिअर-अवरमधले वापरायचे तेही ६०० वॉट-तासच. फ्रीजला काही उरलंच नाही. वायर जाड असती तरी गणित काठावरच होतं.

यावर मोठी बॅटरी हे पहिलं उत्तर सुचतं, पण ते शेवटचं असायला हवं. मी आधी इन्व्हर्टर काढला. सीपॅप आतून २४ व्होल्ट डीसीवर चालतं. आपण १२ व्होल्ट डीसीचे २३० व्होल्ट एसी करतो, मग मशीनचा अडॅप्टर त्याचे परत डीसी करतो. हा द्राविडी प्राणायाम कशाला? मशीनसाठी १२ व्होल्टवरून थेट चालणारी वायर मिळते, ती घेतली. ह्युमिडिफायर बंद ठेवला तर चालेल का, हे मात्र पुण्याला बाबांच्या डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते चालेल म्हणाले. तुमच्या घरी असं मशीन असेल तर हा प्रश्न तुमच्याच डॉक्टरांना विचारा, माझ्या पॉडकास्टला नाही.

मग बॅटरी

आता १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली. १२.८ व्होल्ट गुणिले १००, म्हणजे १,२८० वॉट-तास, आणि त्यातले हजारभर बिनधास्त वापरता येतात. ऊन अजिबात नसलं तरी दीड दिवस निघतो. वजन १२ किलोच्या आसपास, जुनी एजीएम जवळजवळ ३० किलोची होती. गावाकडून एकाने विचारलं होतं की घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी का नाही वापरायची. ती ५० किलोच्या वर असते, सतत उभीच ठेवावी लागते, आणि चार्ज होताना हायड्रोजन सोडते. घराच्या कोपऱ्यात ठीक, खड्ड्यांतून उडणाऱ्या ट्रेलरमध्ये नाही.

लिथियमबद्दल दोन सावधगिऱ्या. एक, शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही. हिवाळ्यात व्हिक्टोरियाच्या डोंगरांत पहाटे तापमान सहज खाली जातं. बॅटरीतलं बीएमएस चार्जिंग थांबवतं की नाही, ते घेण्याआधी तपासा. दोन, बॅटरी झोपायच्या जागेत नको. माझी ट्रेलरच्या पुढच्या पेटीत आहे. ती पेटी आतून बंद आहे आणि तिला हवा बाहेर जायला वाट आहे.

चार्जिंग: ऊन आणि गाडी

२०० वॉटचं घडीचं सोलर पॅनेल आणि २० अँपिअरचा एमपीपीटी कंट्रोलर. पाटीवरचे २०० वॉट कधी मिळत नाहीत, मी सत्तर टक्के धरतो. १४० वॉट गुणिले चार तासांचं चांगलं ऊन, ५६० वॉट-तास. म्हणजे दिवसाचा खर्च जवळजवळ भरून निघतो. मेलबर्नच्या जूनमध्ये मात्र याच्या निम्म्यावर समाधान मानायचं. जोडताना कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना उलट.

पॅनेल मांडताना बाबांनी ते सवयीने दक्षिणेकडे वळवलं. आमच्या गच्चीवरचा सोलर बंब दक्षिणेकडे तोंड करून आहे ना! इथे दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून जातो, त्यामुळे पॅनेल उत्तरेकडे.

दुसरा स्रोत गाडीचा अल्टरनेटर. गाडीच्या बॅटरीपासून जाड वायर, ५० अँपिअरचा अँडरसन प्लग, आणि ट्रेलरमध्ये २५ अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर. थेट जोडू नका. नव्या गाड्यांचे अल्टरनेटर इंधन वाचवायला व्होल्टेज कमी करतात, त्यामुळे लिथियम बॅटरी पूर्ण भरत नाही. शिवाय रिकामी लिथियम बॅटरी इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापतो. चार्जर दोन्ही सांभाळतो. दोन तास ड्राइव्ह केली की ५० अँपिअर-अवर, म्हणजे निम्मी बॅटरी. या वायरीला गाडीच्या बॅटरीजवळ एक फ्यूज आणि ट्रेलरच्या बॅटरीजवळ दुसरा, कारण करंट दोन्हीकडून येऊ शकतो.

जोडणी

बॅटरी, लगेच ६० अँपिअरचा मुख्य फ्यूज, मग ६ बी अँड एसची वायर, मग फ्यूज बॉक्स. तिथून प्रत्येकाला स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र फ्यूज: फ्रीजला १५, सीपॅपला १०, यूएसबीला १०, दिव्यांना ५. आता फ्रीजने काही गोंधळ घातला तरी सीपॅपची लाइन वेगळी राहते. चेसिसजवळून जाणारी प्रत्येक वायर नळीतून आणि पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट. लग नीट अवजाराने क्रिंप केलेले, पकडीने दाबलेले नाहीत.

निगेटिव्ह बाजूला शंट लावला. लिथियमचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतं, म्हणून व्होल्टेज बघून किती उरलंय ते कळत नाही. शंट आत-बाहेर जाणारा करंट मोजतो आणि टक्केवारी देतो. हे माझं लॉगिंग.

२३० व्होल्टच्या पक्क्या वायरिंगला मी हात लावलेला नाही. ते काम इथे परवानाधारक इलेक्ट्रिशियनचंच आहे.

टेस्टिंग

या वेळी ट्रेलर तीन रात्री घरासमोर उभा होता. बाबा रोज रात्री मशीन घेऊन तिथे झोपायला जायचे, शेजाऱ्यांना काय वाटलं असेल देव जाणे. तेवढ्यावर न थांबता सीपॅपसाठी एक छोटी वेगळी बॅटरी घेतली. तिचा ट्रेलरशी काही संबंध नाही, ती बाबांच्या उशाशी असते. ज्या गोष्टीवर कुणाचा श्वास अवलंबून आहे तिला दुसरा रस्ता हवाच.

मे महिन्यात परत ग्रॅम्पियन्सला गेलो, त्याच कॅम्पवर. रात्री दहाला मॉनिटरवर ९६ टक्के होते. मी तीनला गजर न लावता जागा झालो, बाहेर येऊन ऐकलं. फ्रीजची घरघर आणि बाबांच्या मशीनचा तो हलका फुस्स-फुस्स आवाज. आईही जागीच होती. "चालू आहे रे, झोप तू," म्हणाली. सकाळी सातला ७१ टक्के.

तुम्ही असं काही करणार असाल तर वहीतली यादी आधी करा, खरेदी नंतर. यादी पाठवलीत तर पुढच्या प्रश्नोत्तरांच्या भागात आपण दोन-तीन जणांचे हिशोब मिळून सोडवू. भेटूया!