दसरा चौक : कोल्हापूरच्या शरदाचे अंगण

कोल्हापुरातील दसरा चौक वर्षातले बहुतेक दिवस वाहनतळ, मोर्चाचे ठिकाण आणि बिंदू चौकाकडे किंवा स्टेशन रोडकडे वळणाऱ्या रहदारीचा नाका एवढ्याच कामाला येतो. आश्विन शुद्ध दशमीच्या संध्याकाळी मात्र दसऱ्याच्या सीमोल्लंघनासाठी सारे शहर इथे लोटते. राजर्षी शाहू महाराजांचा पुतळा, भोवती शंभरी गाठलेली किंवा ओलांडलेली वसतिगृहे आणि मधले मोकळे मैदान अशी या जागेची रचना आहे. घटस्थापनेपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत कोल्हापुरात जे जे सार्वजनिक घडते त्याचा मध्य याच चौकात आहे, आणि नगरवासीयांना रोज लागणाऱ्या कितीतरी गोष्टीही इथून हाकेच्या अंतरावर आहेत.

सीमोल्लंघनाला गावाची सीमा लागते. जुने कोल्हापूर कोटाच्या आत होते. तट केव्हाच पाडला गेला, पण गंगावेस, रंकाळा वेस ही नावे टिकली आणि बिंदू चौकाजवळ तटाचा एक तुकडा अजून उभा आहे. एकेकाळी तटाबाहेर असलेला दसरा चौक आज शहराच्या पोटात आला असला तरी सोहळ्याचा अर्थ तोच राहिला आहे: देव आणि राजा यांनी वस्तीबाहेरच्या माळावर यायचे, शमीपूजन करायचे आणि आपट्याचे सोने घेऊन परतायचे.

त्याची तयारी नऊ दिवस आधी सुरू होते. नवरात्रात अंबाबाईची रोज वेगळ्या रूपात पूजा बांधली जाते आणि रात्री देवळाच्या आवारात पालखी फिरते. पाचव्या दिवशी, ललिता पंचमीला, अंबाबाई, भवानी मंडपातली तुळजाभवानी आणि गुरुमहाराज यांच्या पालख्या शहराच्या पूर्वेला टेंबलाईच्या टेकडीवर जातात. कोल्हासुराच्या वधानंतरच्या आनंदसोहळ्याचे बोलावणे राहून गेले म्हणून त्र्यंबोली, म्हणजेच टेंबलाई, रुसून टेकडीवर जाऊन बसली. तिची समजूत काढायला अंबाबाई दरवर्षी स्वतः जाते, अशी कथा आहे. तिथे कुमारिकेच्या हस्ते कोहळा फोडला जातो आणि त्याचा तुकडा मिळवण्यासाठी जी झोंबाझोंबी होते ती बघून पोलिसांची दया येते. अष्टमीच्या रात्री देवी फुलांनी सजवलेल्या वाहनातून नगरप्रदक्षिणेला निघते. महाद्वार रोड, गुजरी आणि भवानी मंडप या वाटेवर घरोघरचे लोक आणि तालमींची पोरे संध्याकाळपासून रांगोळ्या घालत बसलेली असतात. नवरात्राचे रूप नुसत्या दर्शनाच्या रांगेवरून जोखणाऱ्या पाहुण्याने ही रात्र चुकवू नये.

दसऱ्याच्या दिवशी दुपारनंतर चौकात येणारी वाहने बंद होतात. मैदानात लकडकोट उभारलेला असतो, म्हणजे लाकडी चौकटीच्या कुंपणात रचलेला शमीचा आणि आपट्याचा ढीग. तिन्ही पालख्या वाद्यांच्या गजरात येतात. छत्रपती घराण्यातील मंडळी राजाराम महाराजांच्या काळातल्या मेबॅक मोटारीतून उतरतात आणि पोलीस बँड सलामी देतो. सूर्य मावळतीला टेकला की शमीपूजन आणि आरती होते, बंदुकीच्या फैरी झडतात, आणि त्या क्षणी लकडकोटावर झुंबड उडते. शिस्तीत चाललेला दरबारी सोहळा डोळ्यांदेखत लुटीत बदलतो, आणि ही लूटच खरा दसरा आहे असे जुने कोल्हापूरकर मानतात. मग रात्री उशिरापर्यंत सोने देणे-घेणे चालते. छत्रपतींनाही सोने द्यायला रांग लागते. संस्थान विलीन होऊन पाऊण शतक उलटले. तरीही हा प्रकार निव्वळ देखावा वाटत नाही, याचे कारण चौकाच्या कडेला शोधावे लागते.

शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात विविध समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढली किंवा काढायला मदत केली. कोल्हापूरकर त्यांना बोर्डिंगच म्हणतात. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग त्यातले पहिले. पुढे जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य आणि इतर समाजांची वसतिगृहे उभी राहिली, आणि त्यांतली बरीच दसरा चौकाच्या आसपास वसली. दिगंबर जैन बोर्डिंग आणि मुस्लिम बोर्डिंग आजही चौकाला लागून आहेत. 1906 मध्ये स्थापन झालेल्या मोहामेडन एज्युकेशन सोसायटीचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले होते. जातवार वसतिगृहे काढून जात कशी मोडणार, हा आक्षेप तेव्हाही घेतला जात होता आणि तो अगदी निराधार नाही. पण खेड्यातल्या मुलाला शहरात राहायला खोली आणि जेवायला ताट मिळाल्याखेरीज शाळेची पायरी दिसत नव्हती, आणि ते ताट ज्याच्या त्याच्या समाजाला जबाबदार धरूनच लवकर उभे राहणार होते. 1908 मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्याच्या समारंभाला हजर राहून परतल्यावर आंघोळ करायला नकार दिला म्हणून भाऊराव पाटील नावाच्या विद्यार्थ्याला जैन बोर्डिंग सोडावे लागले. याच विद्यार्थ्याने 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि साताऱ्यातल्या त्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसू लागली. राजाच्या मिरवणुकीचे मैदान आणि पहिल्या पिढीच्या शिकणाऱ्यांच्या खोल्या इतक्या लगटून असणे हेच दसरा चौकाचे वेगळेपण आहे. शतकभर इथल्या पोरांनी दसरा खिडकीतून पाहिला आहे.

दसऱ्यानंतर गर्दी पेठांमध्ये पांगते. कोजागरीला रंकाळ्याच्या काठावर आटीव दुधाची पातेली चढतात. दुधासाठी कोल्हापूरकराला सणाचे निमित्त लागत नाही हे खरे. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळून फेसाळ पेला हातात देण्याची रीत बारमाही आहे. दिवाळीत गल्लोगल्ली मुले मातीचे किल्ले करतात आणि कुंभाराकडचे मावळे त्यांवर चढवतात. पाडव्याच्या सुमारास गवळी आपल्या म्हशी शिंगे रंगवून, गळ्यात माळा घालून रस्त्यावर आणतात आणि मोटारसायकलीमागे पळवतात. सायलेन्सर काढलेल्या गाड्यांचा आवाज नकोसा होतो, पण धन्याच्या एका हाकेवर गर्दीतून धावत येणारी म्हैस एकदा तरी पाहण्याजोगी आहे.

बाकी सारे सण तिथीने येतात. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव मात्र सूर्याच्या गतीने ठरतो, म्हणून तो इंग्रजी तारखांना बांधलेला आहे. साधारण 9 ते 11 नोव्हेंबर या काळात मावळतीचे किरण पश्चिमेच्या महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात आणि दिवसागणिक देवीच्या चरणांपासून मुखाकडे चढतात. जानेवारीअखेरीस सूर्य परतीच्या वाटेवर त्याच जागी आला की हा योग पुन्हा जुळतो. ढग, धूळ आणि महाद्वार रोडवरची वाढती बांधकामे यांमुळे किरणे कधी वाटेतच अडतात. अडथळे मोजायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीच चर्चा करायची, हाही आता उत्सवाचा भाग झाला आहे. त्रिपुरी पौर्णिमेला पहाटे पंचगंगेचा घाट पणत्यांनी उजळतो आणि शरदाचा हंगाम सरतो.

या सणांखेरीज चौकाचा परिसर नागरिकांच्या नित्याच्या कामाचा आहे. शाहू स्मारक भवनात सभागृह आणि कलादालन आहे. पुस्तकांची प्रदर्शने, व्याख्याने, चित्रप्रदर्शने बारा महिने सुरू असतात आणि दिवाळीच्या आगेमागे तारीख मिळणे अवघड होते. जवळच छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे. एकोणिसाव्या शतकातल्या इमारतीत सुरू झालेल्या या सरकारी दवाखान्याला सगळे जण नुसते ‘सीपीआर’ म्हणतात, आणि जिल्ह्याबरोबरच सीमाभागातले व कोकणातले रुग्णही तिथे येतात. मिरवणुकांचे मार्ग आणि ध्वनिक्षेपकांच्या भिंती ठरवताना या दवाखान्याचा विचार आधी व्हायला हवा. तो अनेकदा शेवटी होतो. त्याच्या समोरच्या टाउन हॉलमध्ये ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेल्या सातवाहनकालीन वस्तूंचे संग्रहालय आहे. रोमशी चाललेल्या व्यापाराची साक्ष देणारी समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती याच उत्खननातली. बाहेरच्या बागेत झाडांखाली रुग्णांचे नातेवाईक डबे उघडून बसलेले असतात, त्यांपैकी आत डोकावणारे थोडे.

वाचणाऱ्यांसाठी करवीर नगर वाचन मंदिर आहे. 1850 मध्ये सुरू झालेले हे ग्रंथालय महाराष्ट्रातल्या जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक असून दिवाळी अंक निघाले की त्याच्या देवघेव विभागात वर्दळ वाढते. नाटकवाल्यांची अवस्था 2024 मध्ये कठीण झाली. शाहू महाराजांनी बांधलेले आणि 1915 मध्ये पॅलेस थिएटर म्हणून खुले झालेले केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत जळाले. ज्यांचे नाव त्याला दिले, त्या गायकनट केशवरावांची जयंती दुसऱ्याच दिवशी होती. नाट्यगृह मूळ रूपात पुन्हा बांधायचे ठरले. तोवर शहरातल्या नाटकांचे आणि दिवाळी पहाटेच्या गाण्यांचे बरेच ओझे शाहू स्मारकासारख्या लहान सभागृहांवर आले.